तस्करी चक्क चहाची! इंग्लंडच्या ‘मर्मेड इन’मध्ये कोण बसायचं?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत राय नावाचं छोटं गाव आहे. एकेकाळचं हे बंदर. तिथल्या दगडी चढावर ‘मर्मेड इन’ हा जुना पब आहे. तळघर बाराव्या शतकातलं, इमारत १४२० मध्ये पुन्हा बांधलेली. आज पर्यटक इथे बिअर प्यायला, मुक्कामाला येतात. पावणेतीनशे वर्षांपूर्वी इथे हॉकहर्स्ट गँग बसायची. भरलेली पिस्तुलं टेबलावर ठेवून, असं सांगितलं जातं.

टोळी कसली तस्करी करायची?

ब्रँडीची तर होतीच, पण मोठी कमाई चहात होती. ब्रिटनमध्ये चीनचा चहा आणायचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे होता आणि त्यावर जबर कर लागे. समुद्रापलीकडे हॉलंड, फ्रान्समध्ये चहा स्वस्त मिळे. वजनाला हलका, लपवायला सोपा. रात्री बोटीतून उतरवायचा, घोड्यांवर लादायचा आणि आत न्यायचा.

लोक गप्प का राहायचे?

स्वस्त चहा सगळ्यांनाच हवा होता. शिवाय भीती होती. ऑक्टोबर १७४७ मध्ये या टोळीने पूल शहरातलं कस्टम हाउस फोडून जप्त केलेला चहा परत नेला. वाटेत बूट शिवणाऱ्या डॅनियल चेटरने त्यातल्या एकाला ओळखलं. फेब्रुवारी १७४८ मध्ये कस्टमचे विल्यम गॅली त्याला साक्षीसाठी घेऊन निघाले. रोलंड्स कॅसल गावातल्या पबमध्ये तस्करांनी दोघांना गाठलं, दारू पाजली आणि नंतर हाल करून मारलं. १७४९ मध्ये चिचेस्टरला खटला चालला आणि मारेकरी फासावर गेले.

मग तस्करी थांबली?

नाही. चहाच्या तस्करीचं कंबरडं मोडलं ते १७८४ मध्ये. पंतप्रधान विल्यम पिट (धाकटे) यांच्या सरकारने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून १२.५ टक्क्यांवर आणला. चोरून चहा आणण्यात फायदाच उरला नाही.

जायचं कसं?

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून निघा, ॲशफर्डला गाडी बदला. समुद्र आता गावापासून सुमारे तीन किलोमीटर दूर सरकलाय, त्यामुळे खिडकीतून लाटा दिसणार नाहीत. पिस्तुलांचे किस्से मात्र रंगवून ऐकायला मिळतील. ते ऐकताना गॅली आणि चेटर ही दोन नावंही आठवा.