लस नेमकी कुणाची?

आमची शाळा विश्रांतवाडीला. लोहगावचा विमानतळ अगदी जवळ. वर्गावरून विमान घरघरत गेलं, की फळ्याकडे बघणाऱ्या सगळ्या माना खिडकीकडे वळतात! मग मीही खडू खाली ठेवते.

एकदा मी वर्गात अशाच एका विमानाची गोष्ट सांगितली. १२ जानेवारी २०२१ ची पहाट. कोरोनामुळे बऱ्याच शाळा बंद होत्या. मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये आतून थंड राखलेले तीन ट्रक उभे होते. पूजा झाली, नारळ फुटला आणि ट्रक लोहगावकडे निघाले. आत होती कोव्हिशील्ड लस! तिथून ती विमानाने परगावी गेली आणि १६ जानेवारीला देशात लसीकरण सुरू झालं.

"बाई, ही लस पुण्यात शोधली?" एकीने विचारलं.

"नाही गं. शोधली इंग्लंडच्या ऑक्सफर्ड विद्यापीठात, सारा गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. बनवली पुण्यात."

"मग लस नेमकी कुणाची?"

आहे की नाही फक्कड प्रश्न?

वाटीभर आणि टाकीभर

आजी वाटीभर दुधाला विरजण लावते. सकाळी दही तयार! आता समजा, तेच दही हजार लिटरच्या टाकीत लावायचं आहे. मधलं दूध गरम राहील, कडेचं गार पडेल. नको तो एक जंतू शिरला, तर सगळी टाकी नासेल. म्हणजे विरजण तेच, पण काम निराळं.

लसीचंही तसंच. या लसीसाठी निरुपद्रवी केलेला एक विषाणू वाढवावा लागतो आणि तो वाढतो जिवंत पेशींमध्ये. विद्यापीठातले शास्त्रज्ञ थोडी लस बनवून तपासू शकतात. पण कोट्यवधी लोकांसाठी? त्याला प्रचंड टाक्या, निर्जंतुक खोल्या, बाटल्या भरणारी यंत्रं आणि हे सारं रोज न चुकता करणारी माणसं लागतात. ती कारखान्यात असतात. उलट, कारखान्याकडे टाक्या असल्या तरी नवी लस शोधायला वर्षानुवर्षांचा अभ्यास लागतो. एकाचं दुसऱ्यावाचून अडतं, बघा!

आधी ठरलेलं बरं

पण नुसती गरज असून भागत नाही. चौघांत मिळून एक बॅट घ्यायची, तरी आधी ठरवावं लागतं ना? पैसे किती, खेळायचं कुणी, मोडली तर काय?

इथेही तसंच झालं. ऑक्सफर्डने ॲस्ट्राझेनेका कंपनीशी करार केला. साथ असेपर्यंत लसीवर नफा घ्यायचा नाही, असं ठरलं. जून २०२० मध्ये ॲस्ट्राझेनेका आणि सीरम यांचा करार झाला. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी १०० कोटी डोस! सीरमने तर परवानगी मिळण्याआधीच लस बनवून ठेवायला सुरुवात केली. चाचण्या फसल्या असत्या, तर सगळा माल फेकून द्यावा लागला असता.

सगळंच ठरल्याप्रमाणे झालं असं मात्र नाही. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये भारतात दुसरी लाट उसळली आणि लसीची निर्यात थांबली. पुण्याच्या लशीवर विसंबलेले देश वाट बघत राहिले. गरिबांना लस पोचवणाऱ्या जागतिक योजनेसाठी पुन्हा लस निघाली, ती थेट नोव्हेंबरात. आपल्या घरची माणसं आजारी, आणि बाहेर शब्द दिलेला. तुम्ही काय केलं असतं? विचार करा बरं!

घोड्यांपासून सुरुवात

एक गंमत सांगते. पूनावाला कुटुंबाचा व्यवसाय घोड्यांचा. त्यांचे म्हातारे घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. त्यांच्या रक्तातल्या पिवळसर, पातळ भागापासून तिथे औषधं बनत. त्या भागालाच म्हणतात 'सीरम'! पुढे १९६६ मध्ये सायरस पूनावाला यांनी स्वतःचीच कंपनी काढली. म्हणजे शास्त्रज्ञांची संस्था आणि व्यावसायिक यांची जोडी इथे आधीपासूनच होती.

ऑक्सफर्डशी जुळलेली जोडी कोरोनानंतरही टिकली. हिवतापाने जगात दरवर्षी सुमारे ६ लाख माणसं दगावतात. त्यांतली बहुतेक आफ्रिकेतली, पाच वर्षांखालची बाळं. ऑक्सफर्डने 'आर २१' ही लस तयार केली आणि सीरमने ती मोठ्या प्रमाणावर बनवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. २०२४ पासून ती आफ्रिकेतल्या मुलांना मिळू लागली.

माझ्या वर्गात मात्र वाद मिटला नाही. कुणी म्हणालं, लस शास्त्रज्ञांची. कुणी म्हणालं, कारखान्याची. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, ज्याला टोचली त्याची!"

तुमचं उत्तर काय? आज रात्री आजी विरजण लावेल, तेव्हा तिलाही विचारून बघा.