आधी रान, मग पिल्लं

‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा.’ आमच्या शाळेच्या वाटेवर आरोग्य केंद्राच्या कुंपणावर निळ्या अक्षरांत हे रंगवलेलं होतं. गप्पी म्हणजे गप्पा मारणारा मासा, असा आम्हा पोरांचा पक्का समज. प्रत्यक्षात ते एका माणसाचं आडनाव. रॉबर्ट लेचमेअर गप्पी यांनी त्रिनिदाद बेटावरून हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले आणि १८६६ साली अल्बर्ट गुंथर यांनी त्यांच्या नावाने माशाचं बारसं केलं. त्याआधीच, १८५९ मध्ये, विल्हेल्म पीटर्स यांनी याच माशाची नोंद केली होती. त्यामुळे शास्त्रीय नाव पीटर्स यांचं राहिलं, पण लोकांच्या तोंडी गप्पीच बसलं.

तो गप्पी आज माझ्या बैठकीच्या खोलीत, दोन फूट लांब आणि फूटभर रुंद-उंच टाकीत नांदतो आहे. पहिल्या खेपेला मात्र मी त्याचे हाल केले. टाकी, रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडं आणि सहा मासे, सगळं एकाच संध्याकाळी आणलं. पाणी आरशासारखं स्वच्छ होतं, तरी दहा दिवसांत चार मासे गेले. ते चार मृत्यू मला अजून लागतात, कारण ते टळण्यासारखे होते.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं अन्न आणि विष्ठा कुजूनही तोच तयार होतो. अमोनिया विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि तिथे माशाची सुटका होते. ही जिवाणूंची वस्ती वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. घाई असेल तर दह्यासारखं करावं, विरजण लावावं. ओळखीच्या कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आपल्या पाण्यात पिळून घ्यायचा. पाणी गढूळ होतं, बघवत नाही, पण तो गाळच कामाचा असतो.

आणि झाडं हवीत, जिवंत, पहिल्या दिवसापासून दाटीवाटीने लावलेली. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात दोन सोनमासे आणि व्हॅलिसनेरियाची रोपं ठेवली. पानं कुजून पाणी खराब होऊ लागलं, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्या कुजकं खात, त्यांची अंडी मासे खात, आणि झाडं वाढत. घरच्या टाकीमागचा मूळ विचार इतका जुना आहे. व्हॅलिसनेरिया आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते. लांब फितीसारखी पानं असलेली ही वनस्पती अनेकांनी नाव माहीत नसताना पाहिलेली असेल.

माझी रीत अमेरिकेच्या डायना वॉल्स्टॅड यांच्या पुस्तकावरून घेतलेली. तळाला इंचभर चाळलेली बागेतली माती, खत न घातलेली. त्यावर इंचभर धुतलेली जाड वाळू. झाडं अमोनिया थेट शोषतात, नायट्रेटपेक्षा तोच त्यांना आधी हवा असतो. त्यामुळे दाट लागवडीची टाकी लवकर सावरते. दिवा सात-आठ तासच, नाहीतर शेवाळ माजतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवावं किंवा दुकानात मिळणारे हायपोचे खडे वापरावेत.

झाडांत माझा सर्वांत जीव आहे तो जावा मॉसवर. त्याला माती लागत नाही. दगडाला दोऱ्याने बांधलं की हिरवी जटा होऊन पसरतं. हॉर्नवर्टला तर मुळंच नसतात, ते नुसतं तरंगतं. या दोघांच्या गुंत्यात पिल्लं जगतात.

गप्पीची मादी अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते. साधारण चार आठवड्यांनी एक वीण. नराचे शुक्राणू ती महिनोन्‌महिने साठवून ठेवते, म्हणून दुकानातून एकटी मादी आणली तरी ती वितच राहते. दिवस भरत आले की पोटामागचा डाग काळा पडतो आणि पोट चौकोनी दिसू लागतं. एकदा पहाटे मी दिवा न लावता बसून पाहिलं. मादी झाडांत शिरून थांबली. शेपटीशी वाकलेलं, मटकीएवढं काहीतरी बाहेर पडलं आणि बुडू लागलं. वाळूला टेकायच्या आत ते उलगडलं. दोन काळे डोळे आणि एक पारदर्शक शेपटी. पुढच्या क्षणी ते मॉसमध्ये नाहीसं झालं. दुसऱ्याला इतकी सवड मिळाली नाही, आईनेच वळून गिळलं.

यासाठी दुकानात जाळीची पेटी मिळते, मादीला तिच्यात कोंडायचं आणि पिल्लं खालच्या कप्प्यात पडू द्यायची. मी ती कुणाला सुचवत नाही. मादी तिथे घाबरते आणि पाणी खेळत नाही. दाट मॉस असेल तर पुरेशी पिल्लं आपोआप वाचतात. अंडी टाकणाऱ्या आपल्या झेब्रा डॅनिओलाही मॉस चालतं. त्याच्यासाठी तळाला काचेच्या गोट्यांचा थर दिला तर अंडी फटींत पडतात आणि आईबापांना सापडत नाहीत.

मॉसचा दुसरा उपयोग अन्नाचा. त्याच्या धाग्यांवर डोळ्यांना न दिसणारे जीव वाढतात आणि पिल्लं दिवसभर ते टिपत राहतात. जोडीला कोरडं खाद्य बोटांत चुरडून, दिवसातून तीन-चार वेळा, चिमटीच्याही निम्मं. उकडलेल्या अंड्याचा बलक अनेक जण देतात, पण तो पाणी फार झटकन नासवतो. उत्तम म्हणजे आर्टेमिया. मिठाच्या पाण्यात तिची अंडी घालून खालून हवा सोडली की दीड दिवसात नारिंगी ठिपके वळवळू लागतात. बाटलीच्या एका बाजूला टॉर्च धरला की ते उजेडाकडे गोळा होतात, मग नळीने ओढून, गाळून, गोड्या पाण्यात धुऊन द्यायचे. ते खाल्लेल्या पिल्लांची पोटंही नारिंगी दिसतात.

फिल्टर स्पंजचाच हवा, दुसरा पिल्लं ओढून घेतो. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलताना मी नळीच्या तोंडाला मलमल बांधतो.

महिन्याभरात नरांचा पोटाखालचा पर काडीसारखा अरुंद होतो. तेव्हाच नर-माद्या वेगळ्या कराव्यात, नाहीतर टाकी पुरत नाही. जास्तीचे मासे ओढ्यात किंवा तळ्यात मुळीच सोडू नयेत. बंदिस्त हौदातला डासांच्या अळ्या खाणारा गप्पी वेगळा आणि वाहत्या पाण्यात मोकळा सुटलेला वेगळा. तिथे तो आपल्या छोट्या देशी माशांचं अन्न आणि जागा बळकावतो.

खालच्या मजल्यावरची एक मुलगी परवा स्टीलचा डबा घेऊन आली. “काका, पाच पिल्लं द्या ना.” मी तिला मूठभर मॉस आणि पिळलेल्या स्पंजचं गढूळ पाणी दिलं, मासे महिन्याने न्यायला ये म्हटलं. तिचं तोंड उतरलं. काल धावत आली आणि म्हणाली, मॉसमध्ये मोहरीएवढ्या दोन गोगलगायी आहेत.