भूत मोजायचं की नियम?

बालभयकथांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या कल्पना शोधायच्या म्हटलं, की पहिला मोह यादीचा होतो. मुंजा, हडळ, वेताळ, चेटकीण. मी विज्ञानशाखेतून आलेली, तक्ते भरायची सवय. भाईंदर-चर्चगेट लोकलमध्ये महिनाभर तेच केलं. तक्ता भरला, हाती काही लागलं नाही.

कारण भूत बदलतं, नियम टिकतो. हाकामारी आठवा: रात्री दाराबाहेरून नावाने हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मुंजाच्या पिंपळाखालून तिन्हीसांजेला जायचं नाही. 'चांदोबा'तला वेताळ तर दोन्हीकडून कोंडी करतो. राजा बोलला की प्रेत परत झाडावर, आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसला तर डोक्याची शकलं! भुतं तीन, पण गाभा एकच: मनाई आणि ती मोडायचा मोह. व्लादिमीर प्रॉपने १९२८ मध्ये रशियन परीकथांतल्या ३१ क्रिया मांडल्या, त्यांत मनाई आणि तिचा भंग लागोपाठच येतात.

इथे खूश होऊन थांबू नका. भोपळ्यातल्या म्हातारीला वाघ खायला टपलेला असतो, पण मनाई कुठेच नाही. आहे तो वायदा: लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. आणि मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चिंची चेटकीण? तिला तर मुलं हसतात. ही भयकथा धरायची का?

म्हणून प्रत्येक कल्पनेची व्याख्या आधी लिहा आणि त्याच गोष्टी दुसऱ्या कुणाला तरी स्वतंत्रपणे वाचायला द्या. समजा, २० गोष्टी आहेत. 'मनाई आहे' असं १७ ठिकाणी दोघं म्हणालात, 'नाही' असं एका ठिकाणी. उरलेल्या दोनपैकी एकीत फक्त तुम्हाला दिसली, दुसरीत फक्त त्याला. एकमत ९० टक्के, झकास वाटतं ना? पण दोघंही बहुतेक वेळा 'आहे'च म्हणताय, त्यामुळे ८२ टक्के एकमत निव्वळ योगायोगानेही झालं असतं. कोहेनचा कप्पा हा योगायोग वजा करतो: (९० − ८२) भागिले (१०० − ८२), म्हणजे जेमतेम ०.४४. गाईडपुढे हा आकडा ठेवायला मलाही लाज वाटली असती.

तरी व्याख्या घाईघाईने सैल करून तो फुगवू नका. मतभेदाच्या त्या दोन गोष्टी आधी पुन्हा वाचा. वायद्याला मनाई म्हणायचं की नाही, हा प्रश्न तिथेच सापडेल.