सामाईक वही : कार्यालयातील ज्ञानसंग्रहासाठी विकी

कृषी कार्यालयातील एखाद्या कर्मचाऱ्याची बदली झाली म्हणजे कपाट, टेबल व नोंदवह्या नव्या माणसाच्या स्वाधीन होतात आणि कार्यभाराच्या यादीवर दोघांच्या सह्या होतात. परंतु तीन-चार हंगामांत त्याने जे शिकून घेतलेले असते, म्हणजे कोणत्या शिवारात पावसाचे पाणी तुंबून राहते, कोणत्या गावच्या संत्राबागेत डिंक्या पुन्हा पुन्हा डोके वर काढतो, कोणता बागायतदार स्वतः काळजीपूर्वक नोंदी ठेवतो, त्याचा त्या यादीत कोठेच उल्लेख नसतो. ते सारे त्याच्याबरोबर निघून जाते. नव्या माणसास पहिल्या हंगामात तेच धडे पुन्हा गिरवावे लागतात आणि त्याचे मोल शेतकऱ्यास द्यावे लागते.

नागपुरातील सदर भागाचे उदाहरण घ्यावे. वाड्यातील ज्या जागी बसून कारभार पाहिला जाई तिला सदर म्हणत. नागपूरच्या या सदरमध्येही रेसिडेन्सी रोडलगत दुकाने, पेढ्या व कार्यालये यांची दाटी आहे आणि मंगळवारी बाजाराची वर्दळ आहे. अशा ठिकाणी दहा-बारा जणांचे एक कृषी सल्ला पथक बसते असे समजू या. त्यांपैकी कोणी काटोल-नरखेडच्या संत्राबागा पाहतो, कोणी सावनेर-कळमेश्वरकडील कापूस, तर कोणी मौदा-रामटेककडील धान. प्रत्येकाजवळ स्वतःची डायरी असते आणि सर्वांचा मिळून व्हॉट्सॲपवर एक गट असतो. गटावर सकाळी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुपारपर्यंत मिळते, ही सोय लहान नव्हे. पण पुढील वर्षी तोच प्रश्न उपस्थित झाला म्हणजे ते उत्तर शुभेच्छांच्या व छायाचित्रांच्या ढिगाऱ्यातून शोधून काढणे कोणालाही जमत नाही. अशा पथकास उपयोगी पडणारे साधन म्हणजे विकी.

विकी म्हणजे काय?

विकी ही संगणकावरील अशी वही होय, की जिचे कोणतेही पान पथकातील कोणालाही उघडता येते, वाचता येते आणि तेथल्या तेथे दुरुस्तही करता येते. अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञाने १९९५ मध्ये अशी पहिली वही लोकांसाठी खुली केली. हवाई बेटांच्या भाषेत ‘विकी’ म्हणजे त्वरित. होनोलुलूच्या विमानतळावरील बसगाड्यांचे हे नाव त्याने उचलले. २००१ मध्ये विकिपीडिया हा ज्ञानकोश याच पद्धतीने सुरू झाला आणि २००३ पासून तो मराठीतही आहे. मराठी विकिपीडियावर नवख्याने सरावासाठी लिहावयाच्या पानास ‘धूळपाटी’ व सर्वांनी मिळून विचारविनिमय करावयाच्या जागेस ‘चावडी’ अशी नावे आहेत. ज्यांनी ही नावे योजली त्यांनी अर्धे काम सोपे केले, कारण चावडीवर कसे वागावे हे गावातील माणसास शिकवावे लागत नाही.

सर्वांस लिहिण्याची मुभा दिली तर कोणीही काहीही लिहील, ही शंका प्रत्येक कार्यालयात प्रथम निघते. तिचे उत्तर विकीच्या ‘इतिहास’ या सोयीत आहे. पानात झालेला प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि त्यापूर्वी तेथे काय लिहिलेले होते, हे कायम जतन होते व चुकीचा बदल क्षणात मागे घेता येतो. कागदी वहीत खाडाखोड झाली तर मूळ शब्द वाचता येत नाही. येथे तो वाचता येतो.

एक पान कसे वाढते

‘कपाशीवरील गुलाबी बोंडअळी’ हे एक पान घेऊ. पथकातील एकाने जुलैत त्यावर चारच ओळी लिहिल्या : हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत, सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. दुसऱ्याने गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिलेल्या डोमकळ्यांचे छायाचित्र जोडले व त्या वेचून नष्ट कराव्यात असे नमूद केले. तिसऱ्याच्या शिवाराजवळ जिनिंग कारखाना आहे. तेथील सापळ्यांत इतर शिवारांपेक्षा आधीच पतंग दिसू लागल्याचे त्याने गाव व तारीख घालून लिहिले. चौथ्यास फरदडीच्या शेतातील अनुभव होता. तो त्याने जोडला. दिवाळीपर्यंत चार ओळींचे दोन पाने झाले. यातील एकेक बाब पुस्तकातही सापडेल. परंतु कोणत्या शिवारात पतंग आधी दिसतात, हे कोणत्याच पुस्तकात छापलेले नसते, आणि पुढील वर्षी येणाऱ्या नव्या सहकाऱ्यास नेमके तेच हवे असते.

२००८ च्या खरिपात सोयाबीनवर किडींचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला आणि शेतांतील किडींचे मोजलेले आकडे संगणकावर नोंदविले जाऊ लागले. आकड्यांची जागा तेथे आहे. आकड्यांमागील कारणांना व अनुभवाला मात्र जागा लागते, ती विकी देऊ शकते.

जेथे चूक जीवावर बेतते

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. निरनिराळी औषधे एकत्र मिसळणे, डोक्याइतक्या वाढलेल्या पिकात फवारणे आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे तेव्हा पुढे आली. कोणते औषध कशात मिसळावे याची माहिती अनेकदा तोंडातोंडी फिरते, आणि तोंडी फिरणाऱ्या माहितीवर तारीख नसते, सही नसते, ती दुरुस्त करण्याची सोयही नसते. म्हणून औषधांच्या मात्रांची पाने विकीवर सर्वांस वाचावयास खुली, परंतु बदलावयास बंद ठेवावीत. त्यांवर डब्यावरील लेबल व कृषी विद्यापीठाची शिफारस यांबाहेरचे एक अक्षरही नसावे आणि ती तपासल्याची तारीख ठळक लिहावी. क्षेत्रावरील निरीक्षण निराळ्या पानावर असावे.

ही विभागणी नवी नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कृषी नवोपक्रम प्रकल्पातून, कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या पुढाकाराने २००९ मध्ये निघालेल्या ‘ॲग्रोपीडिया’त तज्ज्ञांनी प्रमाणित केलेल्या मजकुरास ‘ज्ञानधारा’ व लोकांच्या अनुभवास ‘जनज्ञान’ असे वेगळे ठेवले होते. लहान कार्यालयाने हाच धडा घ्यावा.

आरंभ कसा करावा

विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी आणि लहान पथकास अधिक सोयीचे असे डोकुविकी, ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. डोकुविकी पाने साध्या मजकुराच्या फायलींत साठविते. तिची प्रत काढून ठेवणे हे धान्याचे पोते दुसऱ्या खोलीत हलविण्याइतके सरळ काम आहे, आणि ते दर आठवड्यास झालेच पाहिजे. पण साधनाच्या निवडीत महिना घालविणारी कार्यालये बहुधा पुढे काहीच लिहीत नाहीत.

आरंभी पन्नास रिकाम्या पानांची अनुक्रमणिका करू नये. एका महिन्यात जो प्रश्न तीनदा विचारला गेला, त्याचे पान प्रथम करावे. त्यानंतर कोणी तोच प्रश्न गटावर विचारल्यास उत्तर लांबलचक न लिहिता पानाचा दुवा द्यावा; पान अपुरे असेल तर विचारणाऱ्यानेच मिळालेले उत्तर त्यात घालावे. ज्या पानाचे नाव दिले पण जे अद्याप लिहिले गेले नाही, त्याचा दुवा मीडियाविकीत तांबड्या रंगात दिसतो. अशी तांबडी नावे मोजली की पथकास काय ठाऊक नाही हे आपोआप समजते.

वरिष्ठांनी स्वतः लिहावे. साहेब केवळ वाचतात आणि चुका काढतात असे दिसले की कनिष्ठ सहकारी धूळपाटीपलीकडे जात नाहीत. एका सहकाऱ्याकडे पंधरवड्यातून दोन तास पानांची निगा राखण्याचे काम सोपवावे व ते त्याच्या कामाच्या वाटपात लिहून द्यावे, अन्यथा जुनी व नवी पाने तणासारखी एकमेकांत वाढतात. शेतकऱ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती वा कर्जाचा तपशील विकीवर कधीही ठेवू नये.

बदलीचा आदेश हाती आल्यावर कार्यमुक्त होण्यापूर्वी त्या कर्मचाऱ्याने आपल्या प्रत्येक गावाचे पान वाचून पुरे करावे, आणि ही बाब कार्यभाराच्या यादीत स्वतंत्र ओळ म्हणून घालावी.

ज्या गावी इंटरनेट नीट चालत नाही, तेथे हंगामापूर्वी संबंधित पान छापून, त्यावर तारीख घालून, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. कागदाची उजवी बाजू कोरी सोडावी. शेतकरी बंधूंनी आपल्या शेतातील वेगळे निरीक्षण तेथे पेनाने लिहावे आणि पुढील भेटीत कार्यकर्त्याने तो कागद परत नेऊन त्यातील मजकूर त्याच आठवड्यात पानावर चढवावा.