हुशारी आणि मनातला कारभारी



हदगावजवळच्या एका खेड्यातले गृहस्थ मागे आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा दहावीपर्यंत कायम पहिला. महाविद्यालयात आला आणि दुसऱ्याच वर्षी त्याची प्रयोगवही अपुरी राहिली, शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदतही टळली. वडील म्हणाले, “सर, लेकरू लई हुशार हाय, पण हातातलं काम पुरं करंना. आळशी झालंय का?” मुलगा खाली मान घालून बसला होता. अभ्यास आवडत नाही असे त्याचे म्हणणे नव्हतेच. “उद्या करू म्हणतो, आणि उद्या कुठं जातो तेच कळत नाही,” एवढेच तो म्हणाला.

अशी मुले पुष्कळ घरांत आहेत. त्यांना आळशी म्हणून मोकळे होणे सोपे. पण ते बरोबर नव्हे.

बुद्धी निराळी आणि बुद्धीचा कारभार निराळा. जमीन काळीभोर आहे, बियाणे उत्तम आहे, पण वाफसा साधून पेरायला कोणी नाही, तर पीक कुठून यावे? आपल्या मनातही असा एक कारभारी असतो. मानसशास्त्रज्ञ त्याला कार्यकारी क्षमता म्हणतात. त्याची मुख्य कामे तीन. हाती घेतलेल्या कामाचे धागे ध्यानात ठेवणे, मनाला आवर घालणे, आणि एक वाट बंद झाली की दुसरी धरणे. नियोजन आणि चिकाटी या तिन्हींच्या आधारावर उभी राहतात. मेंदूचा पुढला भाग या कामी मोठा वाटा उचलतो, आणि तो वयाच्या विशी-पंचविशीपर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणजे कोवळ्या वयात कारभारी कच्चा असणे हा काही गुन्हा नव्हे.

मग हुशार मुलाचेच असे का व्हावे? कारण त्याला शाळेत कारभाऱ्याची गरजच पडत नाही. एकदा ऐकले की आले, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचले तरी पहिला नंबर! इतर मुले धडपडून नियोजन शिकतात. हा मात्र त्यावाचून पुढे सरकतो. अवघड काम प्रथमच समोर येते तेव्हा तो गांगरतो.

अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातील दीड हजारांवर तल्लख मुलांचा अभ्यास सुरू केला. ती मुले मोठी झाल्यावर, अतिशय यशस्वी ठरलेले आणि मागे पडलेले पुरुष त्यांनी ताडून पाहिले. १९४७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की दोन्ही गटांच्या बुद्ध्यंकात फरक थोडाच होता. घरच्या परिस्थितीचा भाग होताच. पण चिकाटी, ध्येयाकडे शक्ती वळवणे आणि आत्मविश्वास यांत मोठी तफावत दिसली.

आपल्याकडे डॉ. विनायक विश्वनाथ ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी काढली, ती बुद्धिमान विद्यार्थ्यांसाठीच. पण केवळ जादा पुस्तके देऊन ते थांबले नाहीत. प्रकल्प, अभ्यासदौरे, गटाने करायची कामे, यांना तिथे मोठे स्थान मिळाले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर प्रबोधिनीने आपल्या मराठवाड्यात हराळी येथेही काम उभे केले. प्रकल्प म्हणजे काय हो? एका रात्रीत न उरकणारे काम. ते करताना कारभाऱ्याला जागे व्हावेच लागते.

आता आपला लातूर पॅटर्न बघा. जादा तास, सराव परीक्षा, ठरलेले वेळापत्रक. त्याने खेड्यापाड्यांतली किती मुले डॉक्टर, इंजिनियर झाली! त्याचे मोल कमी नाही. मात्र वेळापत्रक जर सदैव दुसऱ्यानेच आखले, तर गाव सोडून गेलेल्या मुलाला स्वतःचा दिवस आखण्याची सवय कुठे असणार?

म्हणून उपाय सांगतो. पहिला, काम डोक्यात न ठेवता वहीत लिहावे, आणि “अभ्यास करीन” असे नव्हे, तर “जेवण झाले की ओसरीवर बसून तिसरा प्रयोग लिहीन” असे. वेळ-जागा अशी बांधली की काम तडीस जाण्याचा संभव वाढतो, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवले आहे. दुसरा, कामाला किती वेळ लागेल याचा अंदाज आधी लिहावा, आणि प्रत्यक्ष लागलेला शेजारी लिहावा. तिसरा, मुलाच्या कुवतीला झोंबेल असे काम द्यावे. चौथा, आईबापांनी कारभार एकदम सोडू नये, टप्प्याटप्प्याने सोपवावा. आधी बरोबर बसून आखावे, मग नुसते विचारावे, मग तेही थांबवावे. स्मरणशक्तीच्या खेळांवर पैसे घालू नयेत. त्यांनी तो खेळ सुधारतो, कारभार फारसा नाही. आणि लहानपणापासूनच अवधान टिकत नसेल, तर जाणत्या डॉक्टरांना दाखवावे. हुशारी आणि अवधानाचा विकार एकाच मुलात असू शकतात.

त्या मुलाने वही घातली. पहिल्या महिन्यात दोन तासांचा अंदाज केलेले काम सहा तासांनी पुरे होई. तो खट्टू झाला, मी म्हटले, “अरे, हेच तर शिकायचं होतं!” पुढच्या वर्षी त्याने शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीच्या चार दिवस आधी भरला. वडिलांनी आठवण केली नव्हती. मीही नाही.