डबल शॉकअपची जुनी सायकल दुरुस्त करताना

ही सायकल आली कुठून

परभणी जिल्हा बहुतेक सपाट, काळ्या मातीचा. डोंगर म्हणावेत असे उत्तरेला, जिंतूरच्या बाजूला. त्यामुळे मागे-पुढे शॉकअप असलेली सायकल इथे आली ती हौसेनेच. तिकडे अमेरिकेत पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये सायकलचे शॉकअप बनवणारी रॉकशॉक्स कंपनी काढली, १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला माउंटन बाइकची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि त्याच दशकात मागच्या चाकालाही शॉकअप रुळला. आपल्याकडे त्याची जाड लोखंडी, वजनदार आवृत्ती आली. दहावी पास झाल्यावर हट्टाने घेतलेल्या त्या सायकली आज गच्चीवर किंवा गोठ्यात पडून आहेत. त्या भंगारात जाऊ नयेत असे मला मनापासून वाटते, कारण बऱ्याच फ्रेम अजून धडधाकट असतात.

सगळा जीव सांध्यात

साध्या सायकलच्या फ्रेममध्ये हलणारे काही नसते. हिच्या पोटात मात्र सांधा असतो: मागचा स्विंगआर्म एका बोल्टवर फिरतो आणि त्या बोल्टभोवती बुश असतो. आपली काळी माती पावसात फटीतून बुशमध्ये शिरते, उन्हाळ्यात वाळून दगड होते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच बुश खाते.

तपासायचे असे. मागचे चाक काढा, नाहीतर हबची ढिलाई सांध्याची वाटेल. शॉकअपचा एक बोल्ट सोडा. एका हातात सीटची नळी, दुसऱ्या हातात स्विंगआर्मचे टोक धरून आडवे हलवा. ‘टक्’ लागले तर बुश गेला. मग आर्म वर उचलून सोडा. तो आपल्या वजनाने खाली यायला हवा. अडखळला तर आत माती किंवा गंज आहे.

तयार बुश मिळत नाही म्हणून काम सोडू नका. ट्रॅक्टर आणि पंपाची कामे करणारा लेथवाला गनमेटलचा बुश काढून देतो. जुना बुश, बोल्ट आणि फ्रेम तिन्ही त्याच्याकडे न्या, तोंडी माप सांगू नका. फ्रेमचे भोकच लांबट झाले असेल तर ते गोल करून मोठा बुश बसवता येतो, पण भोवतीचे लोखंड पुरेसे जाड उरत असेल तरच.

रॉकेल आणि खडू

रंगाचा विचार करण्याआधी तडा शोधा. हँडलच्या नळीमागचा जोड, सांध्याभोवतीचे वेल्डिंग आणि शॉकअपचे कान इथला रंग खरवडून काढा. रॉकेल लावून थोडा वेळ मुरू द्या. कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर केसाएवढी ओली रेघ उमटते.

नंतर लोहचुंबक लावा. चिकटला तर लोखंड. तडा घासून, चांगल्या हाताकडून वेल्डिंग होते. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा असेल तर ती वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि त्याला पुन्हा ताकद देणारी भट्टीची प्रक्रिया गावातल्या दुकानात होत नाही.

खोलताना

डावे पायडल आणि उजव्या बाजूचा बीबी कप (पायडलचा आस ज्यात फिरतो ती वाटी) यांचे आटे बहुधा उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने सुटतात. हे माहीत नसल्याने पान्ह्याला पाइप लावून आटे मारलेल्या कितीतरी फ्रेम दिसतात. सीटची दांडी अडकली असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर ठेवा, हातोडा नंतर.

रंग

मूळ रंग आणि स्टिकर वाचता येण्यासारखे असतील तर ते राखावेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय आहे. तिथली दुसऱ्या महायुद्धातली, छत्रीधारी सैनिकांची बीएसए घडीची सायकल पाहिली की जुन्या वस्तूचे मूळ रूप का जपायचे ते कळते. रंग द्यायचाच तर पावडर कोटिंग टिकते, पण भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते. शॉकअप, बुश, बेअरिंग सगळे आधी काढा आणि सांध्याचे भोक व आटे झाकून घ्या. ॲल्युमिनियमचा रंग काढायला कॉस्टिक सोडा कधीच वापरू नका, तो धातूच खातो.

शॉकअप निवडताना

जुन्या शॉकअपच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर मोजा. नवा तेवढाच हवा. दांडा किती दबतो तेही जुळले पाहिजे, नाहीतर चाक फ्रेमला घासेल. स्प्रिंगवर ७५० सारखा आकडा असतो. तो एक इंच दाबायला किती पौंड जोर लागतो ते सांगतो. शॉकअप एकूण जेवढा दबू शकतो त्याच्या पाव भागाइतका बसल्यावर खाली गेला तर स्प्रिंग तुमच्या वजनाला योग्य. तळाशी टेकला तर कडक स्प्रिंग घ्या.

सांध्याच्या बोल्टला ग्रीस आणि नायलॉनचा नट लावा. पहिल्या मोठ्या फेरीनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. आणि वॉशिंग सेंटरवर नेऊ नका. तिथल्या फवाऱ्याचा जोर चिखल थेट बुशमध्ये घालतो. बादली आणि फडके पुरते.