अश्वगंधा, अँटिऑक्सिडंट आणि कर्करोग

भारतातून परतताना मेतकूट-भाजणीच्या जोडीला आपल्या बॅगेत हल्ली अश्वगंधा चूर्णाचा डबाही असतो. इथल्या दुकानांतही त्याच्या कॅप्सूल मिळतात, आणि बाटलीवर 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द पुष्कळदा असतो. घरात कोणाला कर्करोग निघाला की हा डबा हमखास पुढे येतो.

शरीरातील ज्वलनक्रियेत 'फ्री रॅडिकल्स' हे उपद्रवी रेणू तयार होतात व पेशींतील डी.एन.ए.ला इजा करतात. अँटिऑक्सिडंट त्यांना निष्प्रभ करतात. म्हणजे ते जितके पोटात जातील तितके चांगले, असे वाटणे साहजिक आहे. परंतु १९९४ साली फिनलंडमधील व १९९६ साली अमेरिकेतील मोठ्या चाचण्यांत धूम्रपान करणाऱ्यांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढला. (गाजरे खुशाल खावीत, प्रश्न गोळ्यांचा आहे.) शिवाय रेडिएशन आणि केमोथेरपीतील काही औषधे ह्याच उपद्रवी रेणूंकरवी कर्करोगाच्या पेशी मारतात. त्याच वेळी अँटिऑक्सिडंटचा मारा केला तर उपचाराचीच धार बोथट होण्याची भीती असते.

अश्वगंधेतील 'विथाफेरिन ए' हे द्रव्य प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखते, उंदरांतही गुण दाखवते. गंमत म्हणजे ते मुळापेक्षा पानांत जास्त असते, आणि चूर्ण मात्र मुळाचे! माणसांतला कर्करोग त्याने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.

मुळांपासून औषध होतच नाही असे मात्र नाही. अमेरिकेच्या पूर्वेकडील जंगलांत छत्रीसारख्या पानांचे मेअॅपल उगवते. हिमालयातली वनककडी ही त्याचीच बहीण. दोघींच्या जमिनीखालील भागात पोडोफायलोटॉक्सिन हे जहाल द्रव्य असते. ते तसेच पोटात घेण्याजोगे नाही. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञांनी त्यात फेरफार करून इटोपोसाइड बनवले, आणि १९८३ साली अमेरिकेच्या एफ.डी.ए.ने त्याला मान्यता दिली. आज ते रुग्णाच्या उंची-वजनावरून मात्रा ठरवून, रक्तातील पेशी वरचेवर मोजत देतात. चमचाभर चूर्ण दुधातून घेणे आणि हे, ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अशा कॅप्सूल 'पूरक आहार' म्हणून विकल्या जातात. विक्रीपूर्वी त्या गुणकारी असल्याचे एफ.डी.ए.ला पटवावे लागत नाही. अश्वगंधेमुळे थायरॉइडचे प्रमाण वाढू शकते, झोपेच्या गोळ्यांचा अंमल वाढू शकतो, आणि काही जणांना यकृताचा दाह झाल्याच्याही नोंदी आहेत. डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. गरोदरपणी तर ती टाळावीच.

डॉक्टर "कोणती औषधे घेता?" असे विचारतात तेव्हा आपल्याकडची मंडळी, विशेषतः भेटीला आलेले आई-वडील, चूर्णाचे नाव काढत नाहीत, त्यांच्या लेखी ते औषधच नसते. अपॉइंटमेंटला जाताना डबाच बरोबर न्यावा. केमोथेरपी चालू असेल तर ऑन्कॉलॉजिस्टच्या संमतीशिवाय चूर्ण सुरू करू नये. आणि ते घेत असताना डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी.